बिनमिठाचे डबे

नागपूरची राजधानी गेली आणि आमचं बिऱ्हाड भोपाळला आलं. राज्यं नव्यानं मांडली गेली, सचिवालयाच्या फायली इकडे निघाल्या, आणि फायलींच्या मागोमाग माझे कारकून यजमानही. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. चांगली नांदती राजधानी उचलून नेतात म्हणजे काय, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. मला मात्र भोपाळ पहिल्या दिवसापासून मानवलं. क्वार्टरच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता, दारापुढे रस्त्याच्या जागी नुसती खडी होती, पण नळ घरात होता आणि शेजारी कोणी माझ्या माहेरचं-सासरचं ओळखत नव्हतं. अशा ठिकाणी माणसाला नवं काही करून बघावंसं वाटतं.

मला नोकरी करायची होती. लग्नाआधी मी नागपुरात वर्षभर शिकवलं होतं आणि वर्गात उभं राहिलं की मी जागी होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. जवाहर चौकाच्या अलीकडे मुलींची नवी शाळा निघाली होती. तिथल्या मुख्याध्यापिका हिंदी भाषक. माझं हिंदी ऐकून त्या हसल्या, पण गणिताला बाई मिळत नव्हती, म्हणून म्हणाल्या, "कल से आ जाइए." मी घरी आले ती जवळजवळ उडतच.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. सासरे लवकर गेले, एकुलता मुलगा त्यांनी एकटीनं वाढवला आणि सोवळं-ओवळं सांभाळत ताठ मानेनं जगल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जा की. मी कोण नाही म्हणणार? पण माझ्या घरात कोणाच्या ताटात शिळं पडलं नाही आजवर. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी शाळा बंद."

हे बोलणं साधं वाटतं, पण त्यात मेख होती. तेव्हा आमचा स्वयंपाक म्हणजे पहाटे कोळशाची शेगडी पेटवायची, ती धरेपर्यंत फुंकर घालायची, मग दळलेलं चाळा, भाजलेलं कुटा, वाटा, निवडा. यजमानांचा डबा दहाच्या आत, सासूबाईंचं सोवळ्यातलं त्यांच्या वेळेला. एवढं करून साडेदहाला वर्गात उभं राहायचं तर मला चार हात हवे होते. आणि रात्रीचं सकाळी चालणार नाही, म्हणजे दोन्ही वेळा मुळापासून सुरुवात.

यजमान म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." म्हणजे भांडण झालं तर मी नाही त्यात, हा त्याचा अर्थ. मी काही रडत बसणारी नव्हे. मी सासूबाईंसमोर पाट ओढून बसले आणि विचारलं, "आई, शिळं कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा. तुमच्या नियमाबाहेर मी एक पाऊल टाकणार नाही."

त्या खुलल्या. शाळेत मुलींना समजावतात तसं त्यांनी मला समजावलं. पाणी किंवा मीठ पडून शिजलं, की ते त्याच वेळेचं, दुसऱ्या दिवशी शिळं. पण पाण्याचा हात न लावता भाजलेलं, तुपातेलात परतलेलं, दुधात भिजवलेलं, ते शिळं होत नाही. म्हणून तर प्रवासाला दशम्या दुधात भिजवायच्या. आणि भाजून ठेवलेल्या पिठात मीठ नाही पडलं, तर ते कितीही दिवस सोवळ्यात चालतं.

"नक्की ना?" मी विचारलं.

"माझ्या सासूनं शिकवलंय मला," त्या म्हणाल्या. मग प्रश्नच मिटला.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराचा कारखाना केला. रवा तुपावर खमंग भाजला. थालीपिठाची भाजणी करून दळून आणली. दाण्याचं कूट, तीळ-खोबऱ्याचं वाटण पाणी न घालता कोरडंच कुटलं. दुधातल्या दशम्या सोमवार-मंगळवारच्या डब्यासाठी. आणि माझं खरं डोकं चाललं ते पिठल्यात. तेलात मोहरी, हिंग, हळद, तिखट, उन्हात वाळवलेला कढीपत्ता, त्यावर बेसन घालून ते बदामी होईतो परतायचं आणि थंड करून डब्यात भरायचं. लागेल त्या दिवशी पाणी उकळलं, मीठ टाकलं, वरून हे सोडलं की पिठलं तयार. भात होतो तोवर पिठलं होऊन पानं मांडून व्हायची. हा डबा सगळ्यात टिकाऊ, म्हणून तो आठवड्याच्या शेवटाला. सगळे डबे बिनमिठाचे. मीठ ज्या त्या दिवशी.

बेसन परतायला दंडात जोर लागतो. त्या कामाला मी यजमानांना बसवलं. सरकारचा माणूस बनियन घालून शेगडीपुढे झारा फिरवतोय, हे पाहून सासूबाई आधी दारातच थबकल्या, मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. हसायला गेल्या की रडायला, ते मी विचारलं नाही.

गाडी मस्त रुळावर आली. सकाळी माझी घाई अशी उरलीच नाही. वेणी घालायला वेळ, वह्या बघायला वेळ, कधी कधी सासूबाईंशी चहा घेत बसायलाही वेळ. त्या प्रत्येक डबा वापरायला काढताना हुंगायच्या, चिमूट जिभेवर ठेवायच्या, मीठ नाही ना याची खात्री करायच्या आणि झाकण लावायच्या. त्यांच्या नियमातूनच मी वाट काढली होती, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती. मला याची घमेंड होती, आणि का असू नये?

मग एका शुक्रवारी शाळेतून आले तर दारात ट्रंक आणि वळकटी. सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांच्या मुलाचीही इकडे बदली झाली होती, क्वार्टर मिळेपर्यंत दोघं आमच्याकडे. या जाऊबाई म्हणजे सासूबाईंचा जन्मभराचा धाक. एकत्र घरात असताना सासूबाईंनी केलेल्या प्रत्येक पदार्थात त्यांनी काही ना काही काढलं होतं. आजही काढलंच. मला पाहताच म्हणाल्या, "ये गं. तुझ्या सासूनं आज कमाल केली. पिठलं इतकं खारट, की घशाखाली उतरेना."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वय झालं माझं. मीठ दोनदा पडलं हातून."

सासूबाईंच्या हातून मीठ दोनदा? मी तडक स्वयंपाकघरात गेले, पिठल्याचा डबा उघडला आणि चिमूट तोंडात टाकली. कोरडं पीठच खारट होतं. म्हणजे रविवारीच यात मीठ पडलं होतं. त्यांच्या नियमानं हे शिळं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं जाऊबाईंना वाढलं होतं. स्वतःही जेवल्या होत्या. माझी शाळा संपली, असंच मला त्या क्षणी वाटलं.

मागे पावलं वाजली. सासूबाई होत्या. मी म्हटलं, "आई, या डब्यात..."

"माहीत आहे. पाहुण्यांच्या घाईत आधी चाखायचं राहिलं. जेवण झाल्यावर चाखून बघितलं मी."

"मी नाही हो घातलं."

"तेही माहीत आहे. तू असलं करायची नाहीस." त्यांनी डबा माझ्या हातातून घेऊन झाकण घट्ट लावलं. "उद्या शनिवार. तुझी शाळा सकाळची असते ना? लवकर उठ." आणि बाहेर गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. शाळा बंद असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण चालू असंही नव्हत्या म्हणाल्या. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून थांबल्या असतील, पाहुणे गेले की बोलतील, असं मनात येत राहिलं.

चोर संध्याकाळी सापडला. यजमान ऑफिसातून आले, त्यांना मी मोरीपाशी गाठून विचारलं. "हो, मीच घातलं," ते सरळ म्हणाले. "त्या रविवारी तू नळाशी पाणी भरत होतीस. म्हटलं, सगळं करून ठेवतेसच, मग मीठ तेवढं कशाला मागे? तुझा वेळ वाचेल." आता अशा माणसाला काय बोलायचं? मी कपाळावर हात मारला. सोवळ्यातल्या आईच्या हातचं इतकी वर्षं जेवला, आणि आपल्या घरात मीठ कधी पडतं याचा पत्ता नाही. पण वेळ वाचेल म्हणाला, तेव्हा माझा राग निम्मा उतरला.

रविवार उजाडला. जाऊबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून बसल्या, हे काय चाललंय ते बघायला. मी शेगडी पेटवली, कढई चढवली, यजमानांना हाक मारणार तोच सासूबाईंनी झारा उचलला. "त्याला नको. तो आहेच तसा," म्हणाल्या आणि शेगडीपुढे बसल्या. फोडणी तडतडली, बेसन पडलं. त्या संथपणे परतत राहिल्या. पीठ बदामी झालं, वास घरभर झाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"मिठाची बरणी दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण हात तसाच पुढे होता. मी बरणी दिली. त्यांनी अंदाजानं मूठ भरली आणि कढईत सोडली.

"अगं, मीठ काय घालतेस?" जाऊबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "शिळं नाही का होणार ते?"

"होऊ दे," सासूबाई झारा फिरवत म्हणाल्या. "तिला शाळा आहे."