खिडकीतून सोडलेली वायर

नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या घरात खाली प्रतापराव आणि वर त्यांचा धाकटा भाऊ युवराज राहत. दोन वर्षं दोघांत अबोला होता. उद्या आईचं श्राद्ध, आणि आईच्या आवाजातल्या ओव्या फक्त युवराजच्या कॉम्प्युटरमध्ये. पेनड्राइव्ह घेऊन वर जाणं म्हणजे शरणागतीच. म्हणून प्रतापरावांनी बायको गंगूकरवी वरच्या खिडकीतून वायर सोडून दोन्ही कॉम्प्युटर थेट जोडून घेतले.

सकाळपासून त्यांच्या पडद्यावर भावाचा कॉम्प्युटर काही दिसेना. फायरवॉल बंद करून झाली, वायर बदलून झाली.

"गंगू, त्या हौल्याला, त्या बिनडोकाला सांग, फोल्डर मुद्दाम बंद केलंय त्यानं!"

गंगू वर जाऊन परत आली. "भावजी म्हणतात, ज्याला माणसं जोडता येत नाहीत, त्यानं मशिनी जोडू नयेत."

प्रतापराव भडकले आणि दोन वर्षांची आण मोडून तरातरा वर गेले; मागोमाग गंगूही. भावाच्या कॉम्प्युटरची वायर उपटून त्यांनी खाचेत टॉर्च मारला. आत कुंकू वाळून दगड झालं होतं. दसऱ्याला यंत्रांची पूजा थोरल्यानंच करायची, हा हक्क काही त्यांनी सोडला नव्हता. गंगूकरवी भावाचा कॉम्प्युटर खाली मागवून त्यांनीच तो कुंकवानं माखला होता.

"पुसायचं नाही का रे, गाढवा?"

"तुम्ही लावलेलं कुंकू मी पुसू?" युवराज खेकसला.

जुन्या टूथब्रशनं खाच घासून प्रतापरावांनी वायर खुपसली. हिरवा दिवा लागला.

"गंगू," हातभर अंतरावरच्या भावाकडे न बघता ते म्हणाले, "याला सांग, उद्या जेवायला खाली ये म्हणावं. हौला कुठला!"