अपघाताविना गेलेले दिवस

माझ्या डब्याच्या झाकणावर 'सुरक्षा प्रथम' अशी अक्षरं कोरलेली आहेत. कॉलेजच्या कँटीनमध्ये मी ते झाकण उलटं ठेवते. हा डबा आईला कंपनीत मिळाला. वाळूजच्या एका कारखान्यात ती ठेकेदाराकडून कामाला आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तपासायचे आणि खोक्यात भरायचे, हे तिचं काम. तिथं गेटजवळ एक मोठा फलक आहे: 'अपघाताविना गेलेले दिवस'. आकडा ठरलेल्या ठिकाणी पोचला की सगळ्यांना भेटवस्तू मिळते. मागच्या वेळी डबा मिळाला, या वेळी कुकर मिळणार होता. मधेच कुणाला लागलं तर आकडा पुन्हा शून्यावर येतो.

घरात आम्हाला हे बक्षीसच वाटायचं. मलाही वाटायचं, आणि मी तर औद्योगिक सुरक्षेचाच अभ्यास करते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सर मला एका कारखान्यात नेणार होते. कामाच्या जागेची सुरक्षा, कामगारांचं आरोग्य, बाहेर सोडलेलं पाणी आणि धूर, या सगळ्याची काळजी तिथं फक्त कागदावर आहे की माणसांच्या अंगवळणी पडली आहे, हे पाहून त्या कारखान्याची पायरी ठरवायची. पायऱ्या पाच. सगळ्यात खालची पायरी म्हणजे कुणाला लागल्यावरच धावपळ. सगळ्यात वरची म्हणजे लागण्याआधीच माणसं न घाबरता बोलतात. सरांनी कारखान्याचं नाव सांगितलं आणि तो आईचा निघाला. मी सरांना काही बोलले नाही.

आईला मात्र सांगितलं. त्याच आठवड्यात तिच्या उजव्या तळव्याला पत्र्याची कड लागली होती. हळद भरून, चिंधी बांधून ती रोज कामावर जात होती. डाव्या हातानं पीठ मळत ती म्हणाली, "तिथं मला वळख दाखवू नको बरं का. सुपरवायझरला वाटंल मीच तुला काय तरी सांगितलं."

"बरं," मी म्हणाले. फारच लगेच म्हणाले. तिची काळजी म्हणून म्हणाले असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सरांसमोर निळा एप्रन घातलेल्या बाईकडं बोट दाखवून 'ही माझी आई' असं म्हणावं लागणार नव्हतं.

"आन् हाताचं काय?" मी विचारलं.

"कुकर आला की हात बी बरा होतो," ती हसून म्हणाली.

आम्ही गेलो त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून बायकांना नवेकोरे हातमोजे दिले होते. त्यामुळं आईची चिंधी झाकली गेली. सर म्हणाले, "तू विचार. तुझ्याशी त्या मोकळेपणानं बोलतील." सुपरवायझर तपासणीच्या टेबलाशी उभा होता. मी एकेकीला विचारत आईपाशी आले.

"मावशी," मी म्हणाले, "काम करताना हाताला कधी काही लागलं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग सुपरवायझरकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"नाय मॅडम. काय बी नाय. लई काळजी घेतेत इथं."

शेजारची बाई म्हणाली, "तिला काय लागतंय मॅडम, पत्राच तिला भितो!" सगळ्या हसल्या. आई हसली. मीही हसले.

ऑफिसात चहा पिताना सर म्हणाले, "बायका न घाबरता उत्तरं देत होत्या. चौथी पायरी द्यायला हरकत नाही. तुला काय वाटतं?"

"हो सर," मी म्हणाले.

संध्याकाळी आई कंपनीच्या बसमधून उतरली ती खुशीत होती. "कसं ऐटीत इचारलंस गं! बाया म्हणत होत्या, कुणाची पोरगी असंल, किती गोड बोलती."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, असंल कुणाची तरी."

तिनं चिंधी सोडली तेव्हा तळवा सुजून टम्म झाला होता आणि मनगटाकडं लाल रेघ चढली होती. मी तिला ओढतच छावणी भागातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं कापलं?"

"इळीनं," आई म्हणाली.

"नाही, डॉक्टर. कंपनीत पत्रा लागलाय."

आईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ही जखम हळदीवर ठेवली? तू शिकतेस ना? काय शिकतेस?"

 मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

बाहेर येऊन मी सरांना फोन केला. "सर, शेवटी ज्या मावशींना विचारलं ना, त्या... ती माझी आई आहे. तिच्या हाताला लागलेलं होतं. मला माहीत होतं."

 सर म्हणाले, "आता हात कसा आहे?" आणि त्यानंतर, "चौथी पायरी खोडावी लागेल. जिथं लागलेलं लपवलं की कुकर मिळतो, ती सगळ्यात खालची, पहिलीच पायरी."

सरांनी कंपनीला लपवलेल्या जखमेचं कळवलं, आईचं नाव सांगितलं नाही, पण बँडेज केलेला हात कुठं लपणार? तिला सुट्टी मिळाली, उपचाराचा खर्च मिळाला आणि फलक शून्यावर आला.

चार दिवसांनी कंपनीत आईच्या शेजारी काम करणारी ती बाई केळी घेऊन घरी आली. मी आत चहा ठेवला होता. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"कुकर गेला गं माय. कुणी चुगली केली काय म्हाईत. तू तरी नीट सांभाळायचं ना सवताला."

"व्हय," आई एवढंच म्हणाली.

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला. शेवटी कप घेऊन बाहेर गेले. बाईनं वर पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं बया! मॅडम? तुम्ही इथं कशा?"

 बँडेजचा हात मांडीवर ठेवून आई माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवशी टेबलापाशी पाहिलं होतं तसंच.

"ही माझी आई," मी म्हणाले. आमच्याच घरात, आमच्याच कपात चहा देताना.