भावाने मोकळी करून दिलेली जागा

कॉम्प्युटर सुरू करून मी कुकर लावून यायचे, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतच. घरी बसून भाषांतरं करायची आणि मशीन असं रडकं. शेवटी धाकट्या भावाला दिव्याहून डोंबिवलीला बोलावलं. घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. आमच्या घरात याबाबतीत त्याचा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द.

"ताई, डिस्क गळ्यापर्यंत भरलीय. पंधरा-वीस टक्के तरी मोकळी ठेवायची गं, नाहीतर ते चालणार कसं?"

"काय उडवायचं ते उडव. फक्त बाबांच्या फोल्डरला हात लावू नकोस."

"बरं," तो म्हणाला.

आमच्या मोहने गावात जयंतीला बाबांची गायन पार्टी असायची. गाणी त्यांचीच, सगळी तोंडपाठ. शेवटच्या आजारपणात मी ती मोबाइलवर घेतली, आणि मोबाइल बदलताना कॉम्प्युटरमध्ये टाकली. दुसरीकडे कुठेच नव्हती.

त्या दिवसापासून मशीन सुसाट पळायला लागलं. मी भावाचं कौतुक करून करून शेजारणींना पिडलं.

पुढे बाबांचा स्मृतिदिन आला. वंदना झाली आणि आई म्हणाली, "आता त्यांचं गाणं लाव." सगळी माणसं ऐकायला सरसावून बसली. मी फोल्डर शोधला. नव्हता. रिसायकल बिनही धुऊन पुसून स्वच्छ. भाऊ मोबाइलमध्ये मान घालून बसलेला.

त्याला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं.

"सगळ्यात जास्त जागा तेच खात होतं, ताई."

धडधडीत खोटं. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा होता, आणि तो जागच्या जागी होता. माझ्याच घरात बसून, माझ्या हातचे वडे खाऊन, यानं केसानं गळा कापला होता.

"परत आणता येईल?"

"आता नाही. त्या जागेवर तुझीच कामं येऊन बसलीत."

"आत काय आहे ते तरी बघायचं होतंस."

"बघितलं ना. गाणं कमी, खोकलाच जास्त. म्हटलं, कोण ऐकणार?"

मी ऐकणार होते. मला तो खोकलाही हवा होता. ते बोलणार तोच बाहेरून आईची हाक आली, "लावतेस ना गं?"

"तिला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, कॉम्प्युटर बिघडलाय," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन आईशेजारी बसला.