काळोख्याची लेन्स

त्याचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळे त्याला काळोख्या म्हणायचे आणि त्याला त्याचा राग तर नव्हताच, उलट मिरवायचा. फ्लॅशचं त्याला वावडं. "माणसाच्या तोंडावर वीज पाडून फोटो काढायचा? चोर पकडलाय का आपण?" लग्न असो, वाढदिवस असो, आत शिरला की आधी दिवे घालवायला लावायचा. हॉलचा मॅनेजर कपाळावर हात मारून घ्यायचा. पण फोटो हातात पडले की सगळ्यांची बोलती बंद.

हे सगळं त्या लेन्सच्या जिवावर. आधी त्याने मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा घेतला आणि मग त्याच्यासाठी ही लेन्स. अहो, लेन्स कसली, पातेलंच ते! तोंड एवढं रुंद की मेणबत्तीच्या उजेडातसुद्धा दिवसासारखा फोटो यायचा. किंमत ऐकून बायको म्हणाली होती, "एवढ्यात गाडी आली असती. गाडीत निदान बसता तरी येतं." आणि असं म्हणून तिनेच घ्यायला लावली. नवऱ्याचा जीव कशात अडकलाय हे तिला कळायचं.

आता अशा लेन्सची एक खोड असते. ती पूर्ण उघडी ठेवली की फोटोत काडेपेटीच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट येतं. डोळा धरला तर डोळा. कान गेला धुक्यात. थोडी मिटली की सगळा चेहरा नीट येतो, पण मग मागची ती लोण्यासारखी धूसर मजा जाते. काळोख्याने घेतल्या दिवसापासून ती लेन्स एकदाही मिटली नव्हती. "एवढं मोल मोजलं ते तोंड बंद ठेवायला?" बायको सांगायची, "अहो, कडं फिरवून दोन घरं मिटा, एखाद दिवशी फसाल." ऐकतोय कोण! कॅमेरा आपणहून समोरच्याचा डोळा शोधायचा, डोळ्यावर हिरवा चौकोन बसायचा, की दाबलं बटण. तरी एक शिस्त त्याने पाळली होती. प्रत्येक फोटो काढला की मागच्या स्क्रीनवर मोठा करून डोळा तपासायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "झकास! पापणी न पापणी दिसतेय."

बायको दुकानात सदैव त्याच्या बाजूला. गिऱ्हाइकाची कॉलर नीट कर, रडणाऱ्या पोराला हसव, उजेड परतवायचा पांढरा पत्रा धरून ताटकळत उभी राहा. साहजिकच ती कधी फोटोत नसायची. स्वतःच्या लग्नातले सोडले तर तिचा एक धड फोटो नव्हता. गावभर लोकांची तोंडं टिपणाऱ्या माणसाच्या घरात ही गत!

मग ती आजारी पडली. औषधांनी केस गेले, भुवया गेल्या, पापण्या गेल्या. तोंड सुजून गुळगुळीत झालं, डोळे त्यात बुडाले. तिने फतवा काढला, फोटो नाही म्हणजे नाही. मुलगी दूर परक्या देशात, दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. ती फोनवर रडकुंडीला यायची, "आई, एकदा दिस तरी!" आणि ही फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बोलायची. काळोख्या रोज म्हणायचा, "तू आहेस तशीच दिसतेस गं." आणि हे म्हणताना उशी नीट करायचा, पाण्याचा पेला भरायचा, खिडकी लावायचा. तिच्याकडे बघायचं तेवढं टाळायचा.

एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "मला दुकानात न्या. माझा एक फोटो काढा. उद्या नातवंड विचारेल, आजी कशी होती, तर दाखवायला काहीतरी हवं ना?"

टॅक्सी करून तिला नेलं. स्टुलावर बसवलं. त्याने सवयीने मागचा राखाडी पडदा ओढायला घेतला, तशी ती म्हणाली, "पडदा नको. मागे दुकान दिसू दे. सगळा जन्म इथेच गेला माझा." मागच्या भिंतीवर नमुन्याचे फोटो टांगलेले होते. तिच्या खांद्यामागे तर एका तरुण बाईचा मोठा चेहरा होता, काजळाच्या डोळ्यांचा, दाट पापण्यांचा.

दिवे लावले तर तिचे डोळे चुरचुरायला लागले. बंद केले. दारातून येईल तेवढा उजेड. काळोख्याला त्यात काय नवीन! लेन्स पूर्ण उघडी, हिरवा चौकोन डोळ्यावर बसल्याचा बारीक आवाज झाला, त्या आवाजाच्या भरवशावर त्याने बटण दाबलं. आणि शिस्तीप्रमाणे मान खाली घालून स्क्रीनवर फोटो मोठा करायला गेला.

"त्या डबीत काय बघताय?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघा की. किती महिने झाले, धड बघितलं नाहीत तुम्ही माझ्याकडे."

त्याने मान वर केली.  चोरी पकडली गेली होती. मग तो तिच्याकडेच बघत राहिला आणि कॅमेरा छातीशी धरून नुसतं बटण दाबत गेला. ती आधी ताठ बसली होती, मग सैलावली, मग हसली. "रडताय काय?" म्हणाली. "गिऱ्हाईक पळेल अशाने." दोघंही हसले. आजारपण सुरू झाल्यापासून असं हसणं झालंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. कॅमेरा दुकानातच राहिला. खाटेवर पडल्या पडल्या तिचं एकच, "फोटो कसा आलाय हो?"

त्याने बघितला नव्हता. पण जिभेला वळण पडलेलं, गेलं तोंडातून, "झकास! पापणी न पापणी दिसतेय."

"पापण्या कुठून आणल्यात?" ती म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. नर्सला सांगितलं, "आमच्या ह्यांनी काढलाय, लेकीला पाठवायचाय." लेकीलाही फोनवर तेच सांगितलं आणि मग फोटोचा विषय काढला नाही. निश्चिंत झाली होती ती. गेली तीही तशीच, झोपेत.

सगळं आवरल्यावर काळोख्याने दुकान उघडलं, कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं. पहिला फोटो उघडला. दुसरा उघडला. तिसरा. शेवटपर्यंत तेच. स्टुलावर साडीचा रंग होता, खांद्यांचा आकार होता आणि तोंडाच्या जागी पिठूळ गोळा. मागच्या भिंतीवरची ती काजळवाली बाई मात्र अशी लख्ख की पापण्या मोजून घ्या.

कॅमेऱ्याला दोष देऊन त्याने पाहिला. शिव्याही घातल्या, अगदी आईमाईवरून. पण धंद्यातला माणूस, काय झालं ते त्याला बघताक्षणी कळलं होतं. कॅमेरा भुवया शोधतो, पापण्या शोधतो, डोळ्याचा काळा-पांढरा शोधतो. समोरच्या बाईकडे त्यातलं काही उरलं नव्हतं. मग त्याने मागची धरली. यंत्राच्या लेखी त्या खोलीत एकच बाई होती, आणि ती भिंतीवर होती. लेन्स दोन घरं काय, अगदी गच्च मिटली असती, तर जिवंत बाईही थोडीफार आली असती. उजेड कमी पडला असता, फोटो दाणेदार, खरखरीत झाला असता, पण ती आली असती.

शेजारचा प्रिंटवाला कळवळला. म्हणाला, "हल्ली प्रोग्राम निघालेत, धूसर चेहरा नीट करून देतात. आणा इकडे." केला की त्याने. भुवया आल्या, पापण्या आल्या, गाल आले. कुणीतरी छान प्रसन्न बाई स्टुलावर बसली होती. काळोख्याने स्क्रीनजवळ वाकून बघितलं. "ही नाही हो," म्हणाला, आणि पुसून टाकायला लावलं.

मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आली. दारातच गळ्यात पडून रडली आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच, "आई म्हणाली होती, बाबांनी माझा छान फोटो काढलाय. मला दाखवा."

लपवावं असं त्याच्या मनात शंभरदा येऊन गेलं होतं. कार्ड खराब झालं म्हणून सांगता आलं असतं. पण ती समोर उभी राहिली आणि त्याला खोटं बोलवेना. त्यातल्या त्यात बरा म्हणून छापलेला एक त्याने पाकिटातून काढून दिला.

मुलीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. फोटो दारातल्या उजेडात नेला. जवळ धरला, लांब धरला.

"ही मागची कोण?"

"गिऱ्हाईक आहे. जुनं."

"हिच्या पापण्या दिसताहेत बाबा." तिचा आवाज चिरका झाला. "हिचं सगळं दिसतंय. आणि आई? लोकांच्या लग्नात तुमचा एक फोटो चुकत नाही. माझ्या आईचा काढताना तुम्ही बघत कुठे होतात?"

"तिच्याकडेच बघत होतो गं."

 मुलीने फोटो पाकिटात घातला, टेबलावर ठेवला आणि बाळाला घेऊन आत निघून गेली. तिचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.