कोरडा चमचा
आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाजर-फ्लॉवरचं लोणचं. भाजी मी चिरली, फडक्यावर सुकवली. तिनं मोहरी फेसली तेव्हा झणका नाकात जाऊन दोघंही शिंकत हसलो. दुपारी काकडीची कोशिंबीर केली, ती माझ्याच ताटात जास्त वाढली. "बरणी रोज सकाळी हलवायची. चमचा कोरडा घ्या, तुमी नेहमी ओला घालता," असं दटावून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाय. संध्याकाळी तिला पोचवून घरी आलो, तर कोन गावावरून आलेली माझी बहीण स्वयंपाकघर आवरत होती. उरलेली कोशिंबीर मोरीत पडलेली आणि लोणच्याची बरणी तिच्या हातात. म्हणाली, "दादा, सुतकातलं लोणचं ठेवत नाय, टाकायचं असतं." माझं डोकंच सणकलं. "तिच्या हातचं टाकतेस? मग आधी मला टाक बाहेर!" "अरे, लोकं काय बोलतील?" "सांग त्यांना, म्हातारा नालायक हाय." बरणी हिसकावली आणि उशाशी घेऊन पडलो. बहिणीचा राग होताच, पण त्याहून जास्त बायकोचा. लोणच्याचं एवढं सांगत बसली, छातीत दुखतंय एवढं सांगितलं नाय. अजून कुठं मोहरीचा वास आला की तो राग तसाच वर येतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच उठलो, चमचा सदऱ्याला पुसून पुसून कोरडा केला आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत लोणचं तळापासून हलवलं.