चादर पांढरीच राहिली

धक्क्याच्या रस्त्यावर त्याला सगळे फवारा म्हणत. नाव ठेवलं होतं त्याच्या भाच्यांनी. मामा गोदाम कंपनीचा पाण्याचा टँकर चालवायचा. ट्रकांनी उडवलेली धूळ रस्त्यावर पाणी शिंपडून बसवायची, हे त्याचं काम. म्हणजे, असं सांगायचं. एरवी टँकर गोदामामागे उभा आणि फवारा टँकरच्या सावलीत आडवा. डिझेल जाळायचं नाही, असा सुपरवायझरचा हुकूम होता. कुणी बडी असामी येणार असली की मात्र पहाटेपासून धावपळ.

माणूस वाईट नव्हता हो. हाताचा सढळ, भाच्यांवर जीव टाकणारा. पण तोंडात तीळ भिजत नसे, आणि साहेबासमोर उभं राहिलं की मान आपली आपण डोलायला लागायची.

त्याच रस्त्याला लागून त्याच्या ताईची लाँड्री होती. दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी ती धुवायची आणि पुढच्या अंगणात वाळत घालायची. कंपनीचे गणवेशही पूर्वी तिच्याकडेच यायचे, आणि त्या ओळखीवर भावासाठी शब्दही तिनेच टाकला होता. पुढे ट्रक वाढले. धुतलेलं पुन्हा धुता धुता तिच्या नाकी नऊ आले. अशात कंपनीने नगरपालिकेकडे मागणी केली, की पाण्याकाठचा हा राहता भाग गोदामांसाठी मोकळा करावा. तसं झालं असतं तर रात्रंदिवस ट्रक, आणि लाँड्रीला कुलूप.

पाहणीला समिती येणार असं कळलं, तेव्हा लोक ताईच्या अंगणात जमले. शिंपीकाकांना भाषण करायचं होतं, कुणाला घोषणा द्यायच्या होत्या. ताई म्हणाली, "बोलून काय होणारे? मी सकाळी एक पांढरी चादर टांगते. दुपारी साहेबलोक आले की म्हणायचं, हात फिरवा आणि बघा."

फवाऱ्याची छाती अभिमानाने फुगली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने ड्रायव्हरांना ती गोष्ट रंगवून सांगितली. "आमच्या ताईचं डोकं म्हणजे काय समजलात! एका चादरीत कंपनी गार." ड्रायव्हर हसले. शेजारच्या बाकावर सुपरवायझर बिस्किट बुडवत बसला होता. तो हसला नाही.

पाहणीच्या पहाटे फोन आला. "रस्ता चांगला भिजव. लाँड्रीसमोर दोनदा."

नाही म्हणता आलं असतं. निदान टँकर बिघडला म्हणता आलं असतं, तो तसाही कायम बिघडायचा. पण मान डोलली, फोनवरसुद्धा. अंधारातच त्याने नळ सोडला आणि ताईच्या दारासमोरून दोन फेऱ्या मारल्या. दिवे बंद ठेवले होते, ही अक्कल कुणी शिकवली नव्हती, त्याची स्वतःची. ट्रक त्या दिवशी गोदामातच अडकवून ठेवले होते.

दुपारी समिती आली. अध्यक्षबाईंनी चादरीवर बोट फिरवलं, बोट उलटसुलट करून पाहिलं. बोट स्वच्छ. चादर अशी लख्ख, की कंपनीचा वकील म्हणाला, "बाई, साबण कुठला वापरता?" सगळे हसले. शिंपीकाकासुद्धा, सवयीने.

ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला खड्ड्यांत अजून पाणी होतं. "हे पाणी कसलं? रस्त्यावर कुणी पाणी मारलं का?"

ताईने मान वर केली. फवारा कंपनीच्या माणसांत मागे उभा होता, तिनेच इस्त्री केलेल्या शर्टात. तिची नजर त्याच्यावर आली आणि तिथेच थांबली. त्याने बुटांकडे पाहिलं. बुटांवर चिखल होता.

"माझ्या कपड्यांचं पाणी असेल," ताई म्हणाली. "वाहत जातं कधीकधी."

वकिलाने ते लगेच लिहून घेतलं. रहिवासी सांडपाणी रस्त्यावर सोडतात म्हणे.

कंपनीची मागणी मंजूर झाली. बातमी आली त्या संध्याकाळी फवारा लाँड्रीत गेला. वाटेत त्याला दहा वेळा वाटलं, परत फिरावं. आपल्याच बहिणीच्या दारात चोरासारखं उभं राहायला त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ताई इस्त्री करत होती. त्याचे शर्ट घडी करून ठेवले होते, नेहमीसारखे.

"ताई, तुला माहीत होतं."

"टँकरचा आवाज ओळखत नाही का मी? कुणी बडं येणार असलं की पहाटे तोच तर फिरतो."

"मग सांगितलं का नाहीस? शिव्या घालायच्या होत्यास मला सगळ्यांसमोर."

"माझ्या तोंडून निघालं असतं तर त्यांनी तुला त्याच दिवशी हाकललं असतं." तिने कॉलर उलटी केली, इस्त्री फिरवली. "आणि मला वाटलं, तू बोलशील. म्हणून तर एवढा वेळ थांबले होते."

बाहेरून ट्रक गेला, त्यामागे आणखी एक. दाराशी टांगलेल्या चादरीवर धूळ बसत होती. ताईने शर्टांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि चादर काढायला बाहेर गेली. तिला मदत करायला पुढे व्हायचीही त्याची हिंमत झाली नाही.