सगुणाचे खारे पुठ्ठे

१८८४ सालची गोष्ट. ठाण्यात माझे काका राघोपंत वैद्य चूर्णे विकत, आणि मी दुकान सांभाळता सांभाळता सगळ्यांवर खेकसत असे. चूर्णासाठी पुठ्ठ्याच्या डब्या करून देई ती सगुणा. मिठागरावर राबणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर एका पुस्तकबांधणाऱ्याकडे हे काम शिकली. साऱ्या गावाला ती अरेतुरे करी, काकांनासुद्धा. मला ते खपत नसे, पण तिच्या हाताला तोड नव्हती.

रद्दीतला एक ताव, त्यावर गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ, त्यावर दुसरा ताव, असे आठ थर ती चढवी. वर जात्याचे दगड ठेवून दाबी, मग उन्हात वाळवी. वाळलेल्या पुठ्ठ्यावर बोथट सुरीने घडीची रेघ ओढायची, कोपरे कापायचे, दुमडून कापडाच्या पट्टीने सांधायचे. रेघ खोल गेली की पुठ्ठा तुटतो, उथळ राहिली की डबी वाकडी होते. मी एकदा करून पाहिले, दहांतले नऊ तोडले. तेव्हापासून तिच्या कामात तोंड घालणे सोडले.

त्या वैशाखात नाशिकहून दोनशे डब्यांची मागणी आली. घाई होती, म्हणून सगुणाने पुठ्ठे मिठागराच्या तापलेल्या जमिनीवर पसरले. अर्ध्या दिवसात खणखणीत वाळले. डब्या भरून झाल्या, स्टेशनला न्यायला बैलगाडी दारात लागली, तोच ही धापा टाकत आली.

"राघोपंता, डब्या धाडू नको. पुठ्ठ्यात मीठ उतरलंय, ते हवेतली ओल ओढतंय. घरात माठाजवल एक तुकडा पडलेला, त्याचा ओला फडका झाला. पावसात तुझं चूर्ण नासल."

मी एक डबी फळीवर आपटली. टणक वाजली. "उगाच खोळंबा करतेस. कुठे दिसतंय मीठ?"

"दिसत नाय. जिभंला लावून बघ."

दुकानात गिऱ्हाइके होती. तिच्या हातची शिजवलेली खळ ब्राह्मणाने चाखायची! सगळे काकांकडे बघू लागले. सगुणाला हे कळत नव्हते असे नाही. ती गप्प बसली असती तर दोष पावसावर गेला असता. आता काकांना राग आला तर काम कायमचे सुटणार होते. तरी ती उभीच राहिली.

काकांनी डबी उचलून जिभेला लावली.

"खारट आहे," ते म्हणाले. गाडी परत पाठवली. मग सगुणाला म्हणाले, "नवे पुठ्ठे आमच्या अंगणात वाळव. दिवसभर ऊन असते."

"आनि तुझी बायको?"

"ती पापड बाजूला घेईल."

त्यांनी तीच डबी माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. सगुणाने ते पाहिले आणि खाली बसून एकेक डबी रिकामी करू लागली. त्या दोघांपुढे मी किती खुजा ठरलो, याची लाज मला आजही वाटते.